कॅसेटला फुंकर मारणाऱ्यांनो

माझ्याकडे नव्वदच्या दशकातले दोन टीव्ही गेम आहेत, खोकंभर कॅसेटी आहेत आणि कपाटाचे दोन खण भरून कॉमिक्स. हा पसारा बघायला येणारा माणूस साधारण चाळिशीचा असतो. कुणी इंजिनिअर, कुणी बँकेतला, एखादा चक्क दातांचा डॉक्टर. कॅसेट हातात पडली की शिक्षण, हुद्दा सगळं गळून पडतं. ती उलटी होते, ओठांशी जाते आणि माउथ ऑर्गनसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकली जाते. मी ओरडलो की उत्तर ठरलेलं: "अरे, फुंकर मारल्याशिवाय चालतच नाही ती!"

चालते. न फुंकताही चालते. आणि तुम्ही लोक असेच फुंकत राहिलात, तर एक दिवस कशानेच चालणार नाही.

आधी त्या डबीत काय असतं ते बघू. आपण तिला कॅसेट म्हणत आलो, पण आत फीत वगैरे काही नाही. एक छोटा सर्किट बोर्ड असतो, त्यावर गेम साठवलेल्या चिप असतात. स्वस्त मालात तर नुसता काळ्या इपॉक्सीचा एक थेंब, त्याखाली सगळा कारभार. बोर्डाच्या एका कडेला तांब्याच्या बारीक पट्ट्या ओळीने मांडलेल्या. यंत्राच्या खाचेत तशाच ओळीने स्प्रिंगसारख्या पिना. कॅसेट आत गेली की प्रत्येक पिनेने आपापली पट्टी धरायची, एवढाच हा करार. निन्टेंडोने 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये फॅमिकॉम आणला, त्याच्या कॅसेटला अशा 60 पट्ट्या होत्या. आपल्याकडे 'लिटल मास्टर', 'मीडिया', 'टर्मिनेटर' अशा नावांनी घरोघरी जे पोचलं ते याच फॅमिकॉमचं कुळ, बहुतेक नकलाच.

या पट्ट्यांना कामं वाटून दिलेली असतात. काहींवरून यंत्र विचारतं, अमुक जागी काय लिहिलंय? काहींवरून उत्तर येतं. उत्तर आणणारी एक पट्टी जरी पिनेला नीट टेकली नाही, तरी येणारं प्रत्येक उत्तर थोडं थोडं चुकीचं. मग मारिओच्या जागी अक्षरांचा चिवडा दिसतो, उभे पट्टे दिसतात, नाहीतर पडदा एकाच रंगाचा होऊन गप्प बसतो. गेम 'खराब' झालेला नसतो, वाचता येत नसतो.

टेकत का नाही? कॅसेट तिरकी बसली म्हणून. वापरून वापरून पिनांची पकड सैल झाली म्हणून. धातूवर हवेने ऑक्साइडचा पातळ थर चढला म्हणून. बोटांचा तेलकटपणा आणि घाम वर्षानुवर्षं साचला म्हणून. यात धूळ कुठे आहे? आहे, पण शेवटच्या बाकावर. सुटी धूळ पिनेच्या घासण्यानेच बाजूला होते. आणि जो थर खरा नडतो, ऑक्साइडचा आणि तेलाचा, तो फुंकरीने उडत नाही. चष्म्यावरचा बोटाचा ठसा नुसता फुंकून जातो का?

आता मुद्द्याचं. गेम दिसला नाही की आपण काय करायचो? कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची. तीन कृती. गेम चालला की श्रेय मात्र मधलीला. काढण्या-घालण्यात पिना पट्ट्यांवरून दोनदा घासल्या जातात, मळाचा थर ओरखडला जातो, आणि कॅसेट दरवेळी केसभर वेगळ्या जागी बसते. काम तिथे झालेलं असतं. कावळा बसला आणि फांदी मोडली यावर शाळेत काकतालीय न्याय म्हणून निबंध लिहिणारे आपण, घरी येऊन रोज कावळ्यालाच श्रेय देत होतो. खात्री करायची असेल तर उपाय सोपा आहे: कॅसेट काढा, फुंकू नका, परत घाला. नाही चाललं तर पुन्हा तेच. हा प्रयोग आमच्या पिढीत फार थोड्यांनी केला असावा, कारण तोंड आवरत नाही.

इथे हुशार पाहुणा म्हणतो, "पण श्वासातल्या ओलाव्याने विजेचा संपर्क सुधारत असेल ना?" प्रश्न चांगला आहे, म्हणून शांतपणे उत्तर देतो. क्षणभर थोडाफार फरक पडतही असेल. पण ओलावा वाळतो आणि थुंकीतले क्षार मागे राहतात. तांबं, पाणी, क्षार आणि हवा एकत्र आली की काय होतं हे ज्याच्या घरी तांब्याचा हंडा आहे त्याला मी सांगायला नको. अस्सल कॅसेटींच्या पट्ट्यांवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असे, तो जिथे झिजला तिथून गंज शिरतो. आपल्या बाजारातल्या नकली मालात तर मुलाम्याच्या नावाने आनंदच. पट्ट्यांवर हिरवट-काळपट चट्टे पडलेली कॅसेट दिसली की मला तिच्या मालकाचा सगळा इतिहास कळतो.

हे मी मनाचं सांगत नाही. खुद्द निन्टेंडोने आपल्या ग्राहक-मदतीच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहून ठेवलं होतं की कॅसेटीत किंवा यंत्रात फुंकर मारू नका, श्वासातल्या दमटपणाने पिना गंजतात आणि मळतात. कंपनीने 1989 साली स्वच्छतेचं खास साहित्यही विकायला काढलं. फुंकर पुरली असती तर ते कशाला विकलं असतं?

गंमत म्हणजे फुंकरीचं हे वेड आपल्यापुरतं नव्हतं, अमेरिकेतही होतं. आणि तिथली गोष्ट ऐकली की धुळीवरचा आरोप पार कोसळतो. 1983 च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बुडाला होता, दुकानदार नाव काढलं तरी दार लावत. म्हणून 1985 साली निन्टेंडोने फॅमिकॉम तिकडे नेला तो 'एनईएस' या नावाने आणि व्हीसीआरसारख्या रूपात. कॅसेट वरून खोचायची नाही, पुढून आत सरकवायची आणि खाली दाबायची. हा 72 पिनांचा जोड दिसायला छान होता, टिकायला नाही. दाबून दाबून पिना वाकत आणि पकड सुटे. त्यात भर म्हणजे परवानगीशिवाय बनवलेल्या कॅसेटी चालू नयेत म्हणून एक कुलूप-चिप बसवलेली. यंत्रातली चिप आणि कॅसेटमधली चिप एकमेकींशी सतत बोलत राहणार, बोलणं तुटलं की यंत्र साधारण सेकंदाला एकदा स्वतःला रीसेट करणार. अमेरिकन मुलांनी पाहिलेला तो उघडझाप करणारा पडदा म्हणजे हेच. कुलपाच्या पट्ट्यांपैकी एकही घसरायची खोटी, की कुलूप बंद. 1993 साली कंपनीने यंत्राचं नवं रूप काढलं, वरून कॅसेट घालायचं आणि कुलूप-चिप नसलेलं. उघडझाप थांबली. अमेरिकेतल्या घरांमधली धूळ काय 1993 साली संपली होती?

मग साफ कसं करायचं? मोबाईल दुरुस्तीवाले ज्याला आयपीए म्हणतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, 90 टक्क्यांच्या वरचं. कान कोरायच्या कापसाच्या काडीला थोडं लावा, पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने घासा, काडी काळी झाली की बदला, पूर्ण वाळू द्या. जुन्या कॅसेटींच्या पाठीवर अल्कोहोल वापरू नका असं छापलेलं असे, हे मला ठाऊक आहे. तरी जगभरचे संग्राहक आज हेच वापरतात, फक्त पट्ट्यांपुरतं. लेबल आणि प्लास्टिकला लागू द्यायचं नाही. खोडरबरने घासण्याचा सल्ला देणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. खोडरबरने मळ जातो, पण तो धातू कुरतडतो आणि मुलामाही नेतो. अगदी गंजलेल्या, गेल्यातच जमा असलेल्या कॅसेटीवर एकदा करून बघा. नेमाने नको. सॅंडपेपरवाल्यांशी मी बोलत नाही.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

गेमबरोबर मिळणाऱ्या बंदुकीतून किरण निघतात आणि ते टीव्ही बिघडवतात: बंदुकीतून काहीही निघत नाही. ती फक्त बघते. 'डक हंट'मध्ये चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हा सगळा हिशोब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे, म्हणून आजच्या सपाट टीव्हीवर तीच बंदूक आंधळी होते. त्याच खेळात एकच बदक उडत असताना दुसऱ्या रिमोटने ते हलवता येतं, ही मात्र अफवा नाही. भावंडांची भांडणं यावरूनही झाली असतील.

गेम खेळून पिक्चर ट्यूब जाते: आईवडिलांचं आवडतं वाक्य, आणि पूर्ण खोटं म्हणवत नाही. न हलणारं चित्र तासन् तास ठेवलं तर फॉस्फर असमान झिजून ठसा राहतो. अटारीचे गेम नुसते ठेवले तर आपोआप रंग बदलत राहायचे ते त्याचसाठी. पण दुपारभर मारिओ पळवल्याने ट्यूब जात नाही. सुट्टी संपेपर्यंत दडवून ठेवलेल्या अडॅप्टरांवर हा अन्यायच झाला.

'9999999 इन 1': मोजायला बसलेल्यांना कळलं असेल की दहा-वीस गेमनंतर तेच गेम नव्या नावांनी येतात, सुरुवातीची लेव्हल किंवा आयुष्यं बदलून. यादी लांब होती, चिप नव्हे.

मारिओ डोक्याने विटा फोडतो: नीट बघा, मूठ वर असते.

'कॉन्ट्रा' गेममधली, ठरावीक कळा दाबून मिळणारी तीस आयुष्यं कुण्या पोराने शोधलेली चोरवाट आहे: ती कळांची जुळणी कोनामी कंपनीच्याच काझुहिसा हाशिमोतो यांची. 'ग्रेडियस' हा गेम घरगुती यंत्रासाठी तयार करताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून तपासणीच्या सोयीसाठी त्यांनी ती घातली आणि 1986 साली गेम बाजारात गेला तेव्हा ती आतच राहिली. कॉन्ट्रात ती नंतर आली.

निन्टेंडो स्विचच्या कार्डाला विष लावलेलं असतं: ही नव्या पिढीची भर. कार्ड जिभेवर ठेवलं तर भयंकर कडू लागतं, कारण लहान मुलांनी गिळू नये म्हणून त्यावर डेनाटोनियम बेंझोएट हा कडू पदार्थ लावलेला आहे. विष नाही. पण तुम्ही ते चाटलंत कशाला?

आता कपाटाच्या खणांकडे. कॉमिक्सच्या बाबतीत पहिला घोष असा की मुलं त्याने बिघडतात हे 'संशोधनाने सिद्ध' झालंय. हे संशोधन म्हणजे फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांचं 1954 सालचं पुस्तक. त्यावरून अमेरिकेत इतका गहजब झाला की प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर सेन्सॉर बसवून घेतलं. वर्थम यांची कागदपत्रं 2010 साली अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरोल टिली यांनी ती तपासून 2012 साली दाखवून दिलं की मुलांची वयं बदललेली, त्यांची विधानं कापली-जोडलेली, वेगवेगळ्या मुलांचे अनुभव एकाच्या तोंडी घातलेले आहेत. आपल्याकडे हा आरोप अजून तसाच फिरतो, पुस्तकाचं नावही माहीत नसताना.

अमर चित्रकथेचा पहिला अंक 'कृष्ण' होता, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी त्यावरचा क्रमांक बघावा. तो 11 आहे. आधीचे दहा परदेशी परीकथांचे होते, कानडीतले.

आणि सर्वांत मोठा भ्रम: जुनं कॉमिक म्हणजे लाखोंचा ठेवा. सुपरमॅनचा जन्म झाला तो 1938 सालचा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. तो जुना आहे म्हणून गेला नाही. त्याच्या प्रती रद्दीत गेल्या, फाटल्या, संपल्या. चांगल्या अवस्थेतली प्रत अतिदुर्मीळ झाली म्हणून गेला. याउलट 'एक्स-मेन'चा 1991 सालचा पहिला अंक 81 लाखांहून जास्त खपला. लोकांनी पाच-पाच प्रती गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि जपून ठेवल्या. सगळ्यांनीच जपल्यामुळे आज त्याला भाव नाही.

आपल्या इंद्रजाल कॉमिक्सचं गणित सुपरमॅनच्या त्या अंकासारखं आहे. 1964 साली वेताळाच्या गोष्टीने सुरू झालेली ही मालिका 1990 साली बंद पडली. कागद साधा, वाचून झालं की शेजारी, तिथून रद्दीत. म्हणून चांगली प्रत मिळणं अवघड, मराठी तर आणखीच. ज्यांच्याकडे आहेत त्यांतल्या निम्म्यांनी प्रेमापोटी कण्याला सेलोटेप लावून ठेवलाय. सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही. पुस्तकांना घालायची मऊ, वास येणारी पीव्हीसीची कव्हरं हा दुसरा प्रेमळ घातपात. त्यातला तेलकट घटक बाहेर झिरपतो आणि छपाईची शाई प्लास्टिकला चिकटते. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्या, मागे आम्लरहित पुठ्ठा ठेवा, अंक उभे ठेवा आणि पावसाळ्यात कपाट भिंतीला टेकवू नका. लावलेला सेलोटेप मात्र आता ओढून काढायला जाऊ नका, मुखपृष्ठाची वरची साल त्याच्याबरोबर येईल.