शकुंतलेचं मॉडेल बनवायचंय? मापं आताच घेऊन ठेवा

अकोला/अमरावती : मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे. तिचं मॉडेल घरात पळवायची हौस असेल, तर पहिला प्रश्न येतो रुळांच्या मापाचा.

मॉडेल गाड्यांत ‘एचओ’ हे माप जास्त चालतं. म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. त्याचे रूळ 16.5 मिलिमीटरचे, कारण ते परदेशातल्या 1,435 मिलिमीटरच्या रुळांवर बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरचा. त्यामुळे भारतीय इंजिन या रुळांवर ठेवलं की चाकं आत दबल्यासारखी दिसतात.

शकुंतलेचं गणित मात्र जमतं. तिचा गेज अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं की पावणेनऊ येतात, आणि 9 मिलिमीटरचे रूळ तयार मागवता येतात.

इथवर मजा, पुढं कटकट. शकुंतलेचे डबे तयार भेटणं कठीण. पुठ्ठा, प्लास्टिक कापून हातानंच करा. सुमारे 76 किलोमीटरचा मार्ग इतका लहान केला तरी पाऊण किलोमीटरच्या वर जातो, म्हणून एकच स्टेशन निवडा. वऱ्हाडातल्या उन्हात रूळ फुगतात, जोडात बारीक फट ठेवा. रुळांवर धूळ बसली की करंट तुटतो अन् गाडी जागीच थांबते.

1994 पर्यंत ही गाडी वाफेच्या इंजिनावर धावली. ते इंजिन गेलं. स्टेशनांच्या जुन्या इमारतींची मापं अन् फोटो परवानगी काढून आताच घ्यावेत. इमारत पडली की माप कुठून आणणार?