सोलर बसवताय? आधी गरम पाण्याचा हिशोब मांडा



घरातून व्यवसाय करणारे बरेच जण विचारतात, "सर, छतावर सोलर बसवू का?" मी त्यांना उलटा प्रश्न विचारतो: "तुमच्या घरात वीज नक्की कुठे जाते?" इथे बहुतेकांची गाडी अडते. बिल दर महिन्याला भरतो, पण ते वाचतो कोण?

चला, एक उदाहरण घेऊ. समजा, एखादी ताई स्वतःच्या घरात आठ मुलींचं पीजी चालवते. अंघोळीला प्रत्येकीला २५ लिटर कडक पाणी लागतं, म्हणजे रोजचं २०० लिटर. पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं, तर १०० लिटरला साधारण ४ युनिट वीज लागते. २०० लिटरला झाली ८ युनिट. महिन्याची २४० युनिट! हिशोबापुरता युनिटचा दर १० रुपये धरला, तर २,४०० रुपये फक्त गीझरचे. एका मुलीमागे महिना ३०० रुपये.

आता सांगा, भाडं ठरवताना हे ३०० रुपये धरले होते का? नसतील धरले, तर ते ताईच्या नफ्यातून जातायत.

शिवाय महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, ३०१ ते ५०० ला तिसरा आणि पुढे आणखी जास्त. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतं.

पॅनल की वॉटर हीटर?

सोलर म्हटलं की डोळ्यासमोर विजेचे पॅनल येतात. १ किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतात आणि त्यांना सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. म्हणजे ताईच्या गीझरसाठीच २ किलोवॅट पॅनल आणि २०० चौरस फूट छत हवं. तेच २०० लिटर पाणी सोलर वॉटर हीटर साधारण एक तृतीयांश जागेत तापवतो.

असं का? पॅनल उन्हातली जेमतेम २० टक्के ऊर्जा विजेत बदलतो. वॉटर हीटर मात्र उन्हाची उष्णता थेट पाण्यात उतरवतो. यात पंपसुद्धा लागत नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली येतं. टाकीला थर्मॉससारखं आवरण असल्याने संध्याकाळचं पाणी सकाळीही गरम मिळतं.

म्हणून माझा सल्ला: आधी उष्णता, मग वीज. पाणी थेट उन्हावर तापवा. त्यानंतर जे बिल उरेल, त्याच्या मापाचे पॅनल घ्या. पॅनल कमी लागतील आणि कर्जही कमी काढावं लागेल. पार्लर, होमस्टे, खानावळीची भांडी, जिथे रोज गरम पाणी लागतं तिथे हाच क्रम.

पॅनल घेताना

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजने'त केंद्राचं अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त असेल तर ७८,००० रुपये आहे. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. हे अनुदान घरगुती जोडणीसाठी आणि विजेच्या पॅनलसाठी आहे. घरात व्यवसाय असेल तर तुमची जोडणी कोणत्या वर्गात मोडते, हे आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा.

२. काम योजनेत नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्या.

३. साधी ऑन-ग्रिड यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लोडशेडिंगवर उपाय म्हणून घेत असाल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

हीटर घेताना

बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार साचतात. काचेच्या नळ्यांचा हीटर स्वस्त पडतो आणि साफ करायला सोपा, पण नळी फुटू शकते. तांब्याच्या नळ्यांचा सपाट हीटर दणकट, पण जड पाण्यात लवकर चोंदतो. टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप जितका लांब, तितकं गार पाणी आधी वाया जातं. त्यामुळे अंतर कमी ठेवा आणि पाइपला आवरण घाला. आणि पावसाळ्यासाठी गीझर काढून टाकू नका, तो बॅकअप आहे.

आजचं काम

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. गरम पाणी रोज किती लिटर लागतं ते बादलीने मोजा. १०० लिटरला ४ युनिट, या हिशोबाने महिन्याची युनिट काढा आणि तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणा. वर्षातले ऊन असलेले नऊ महिने धरा. हीटरच्या कोटेशनला त्या वार्षिक बचतीने भागा. पैसे किती वर्षांत सुटतात, ते समोर येईल.

विक्रेता घरी येण्याआधी हा आकडा तुमच्या वहीत हवा. मग तो काय विकतोय यापेक्षा तुम्हाला काय हवंय, यावर बोलणं होईल.