गुणपत्रिका पुढचं किती सांगते?

दहावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजात पालकांची रीघ लागते. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. तरी सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाप मुलाला गाडीवर मागे बसवून, गुणपत्रिकेची झेरॉक्स खिशात घालून भेटायला येतोच. मी इथे अकरावी-बारावीला गणित शिकवते, त्यामुळे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. "मॅडम, ब्याण्णव टक्के आहेत. इंजिनिअरिंगला चांगल्या कॉलेजात नंबर लागेल ना?" नाहीतर एखादी आई हळूच विचारते, "अडुसष्टच पडलेत हो. सायन्स झेपेल का हिला?"

मागच्या परीक्षेवरून पुढचं सांगा, एवढंच दोघांचं मागणं असतं. माझं उत्तर असं आहे: शंभर मुलांबद्दल विचाराल तर बरंच सांगता येईल, तुमच्या एका मुलाबद्दल फार थोडं. हे उत्तर पालकांना टाळाटाळ वाटतं. पण त्यामागे पक्कं गणित आहे, आणि ते समजून घेतलं तर घराघरांत होणारे कितीतरी चुकीचे निर्णय टळतील.

ठिपके काय सांगतात

बारावीचा निकाल हाती आला की मी आलेख-कागद घेते. आडव्या अक्षावर दहावीचे गणिताचे गुण, उभ्या अक्षावर बारावीचे. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक ठिपका. सगळे ठिपके पडले की चित्र दरवर्षी साधारण सारखंच दिसतं. पुंजका डावीकडून खालून उजवीकडे वर चढत जातो. दहावीला वर असलेली मुलं बहुधा बारावीलाही वर असतात. म्हणजे संबंध आहे, आणि तो खरा आहे. पण ठिपके एका रेषेत कधीच येत नाहीत. दहावीला ८५ गुण असलेल्या मुलांकडेच पाहिलं, तर बारावीला त्यातलं कुणी ९० च्या वर असतं, कुणी ५० च्या आसपास.

संख्याशास्त्रात या संबंधाला सहसंबंध म्हणतात. एकावरून दुसरं तंतोतंत सांगता आलं तर त्याची किंमत १, काहीच सांगता आलं नाही तर ०. समजा दोन परीक्षांमधला सहसंबंध ०.६ आहे. शिक्षणाच्या क्षेत्रात हा चांगला घट्ट संबंध मानला जाईल. पण ०.६ चा वर्ग ०.३६. म्हणजे पुढच्या परीक्षेत मुलामुलांमध्ये जो फरक पडतो, त्यातला जेमतेम एक तृतीयांश मागच्या गुणांवरून उलगडतो. उरलेला इतर गोष्टींतून येतो: शिकवणारे, घर, तब्येत, माध्यम, मेहनत, आणि त्या दिवशी आलेली प्रश्नपत्रिका. यंदा जिल्ह्यात सरासरीइतका पाऊस पडेल हा अंदाज खरा ठरला, तरी आपल्या रानात किती पडेल ते त्यातून कळत नाही, तसंच हे आहे.

आणखी एक गोष्ट पालकांना सांगावीच लागते. दहावीला वर्गात पहिला आलेला मुलगा बारावीला थोडा खाली येतो आणि घरात मोबाईलवरून भांडणं सुरू होतात. पण दोष मोबाईलचाच असेल असं नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईवडिलांची मुलं उंचच असतात, पण सरासरीच्या बाजूला थोडी झुकलेली, असं त्याला आढळलं. गुणांचंही तसंच आहे. कोणत्याही निकालात मुलाची तयारी असते आणि थोडा योगायोगही असतो. अगदी वर पोचलेल्यांमध्ये योगायोगाने साथ दिलेले जास्त असतात, आणि पुढच्या परीक्षेत ती साथ पुन्हा मिळतेच असं नाही. मुलगा तेवढाच अभ्यास करत असतो, तरी आकडा उतरतो. उलट, तळाशी गेलेलं मूल पुढच्या वेळी बहुधा थोडं वर येतं.

टक्केवारीत गणित हरवतं

आता ती झेरॉक्स उघडू. एक काल्पनिक गुणपत्रिका घ्या: मराठी ९४, संस्कृत ९८, इंग्रजी ८८, समाजशास्त्र ९३, विज्ञान ८५ आणि गणित ६४. सहा विषयांची बेरीज ५२२, म्हणजे ८७ टक्के. पण आपल्याकडे सर्वोत्तम पाच विषयांवरून टक्केवारी काढतात. सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो आणि टक्केवारी होते ९१.६. गळालेला विषय नेमका गणित! अकरावी विज्ञानाचा प्रवेश या ९१.६ वर होतो.

त्या ६४ च्याही पोटात शिरा. दहावीच्या गणितात लेखी ८० आणि अंतर्गत २०. अंतर्गत गुण बहुतेकांना भरभरून मिळतात. इथे १९ धरले तर लेखी परीक्षेत उरतात ८० पैकी ४५. अशा मुलीच्या अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीत काय दिसतं? अ वर्ग अधिक ब वर्ग यांचं वर्गमूळ ती सरळ अ अधिक ब लिहिते. दोन कोनांच्या बेरजेचं साइन विचारलं की दोन साइन वेगवेगळी काढून बेरीज करते. दहावीला त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणात बसते; अकरावीला कोन उलटा फिरतो, ऋण होतो, रेडियनमध्ये येतो. सरावाने पाठ झालेले नमुने इथे पुरत नाहीत. ब्याण्णव टक्क्यांत हे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी पालकांना म्हणते, आधी गणित आणि विज्ञानाचे लेखी गुण पाहा, मग टक्केवारी.

मोजपट्टीच बदलते तेव्हा

राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१० आणि २०२० मध्ये ९५.३०. महाराष्ट्राची मुलं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असं तर झालं नाही. २०१९ मध्ये भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. मुलं तशीच, पट्टी वेगळी. २०२५ मध्ये दहावीला २११ जणांना शंभर टक्के मिळाले. वरच्या टोकाला इतकी गर्दी झाली की तिथल्या मुलांमधला फरक सांगण्याची टक्केवारीची ताकद संपते.

त्यात पर्सेंटाइलचा गोंधळ. एमएचटी-सीईटीत ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले ९२ जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. तो क्रम आहे, शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. दहावीचे ९२ टक्के आणि सीईटीचे ९२ पर्सेंटाइल यांची तुलनाच होत नाही, तरी "दहावीला ब्याण्णव होते, सीईटीला सत्तर कसे?" म्हणून दरवर्षी मुलं बोलणी खातात.

पुढच्या दारावर मागच्या गुणांना किती मान द्यायचा, हे धोरण ठरवणाऱ्यांनाही सहज सुटलेलं नाही. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते काढलं. आज आपल्याकडे इंजिनिअरिंगला बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात, क्रम सीईटी ठरवते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला मात्र बहुतेक ठिकाणी बारावीचीच यादी लागते.

मागच्या गुणांना न्यायाधीश केलं तेव्हा

करोनाच्या काळात या प्रश्नाची मोठी परीक्षा झाली. २०२० मध्ये इंग्लंडने ए-लेव्हल, म्हणजे त्यांच्या बारावीच्या तोडीची परीक्षा, रद्द केली. शिक्षकांनी प्रत्येक मुलाची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातला क्रम कळवला. ऑफक्वाल या नियामक संस्थेने शाळेचे आधीच्या वर्षांचे निकाल आणि मुलांचं पूर्वीच्या परीक्षांमधलं यश एका सूत्रात घालून अंतिम श्रेणी काढल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी कळवलेल्यापेक्षा खाली गेल्या होत्या. ज्या शाळेत पूर्वी फारसं कुणी वर गेलं नव्हतं, तिथल्या हुशार मुलीला तिच्या शाळेचा इतिहास आडवा आला. अगदी लहान वर्गांना शिक्षकांचीच श्रेणी लागू झाली, आणि असे वर्ग खासगी शाळांत जास्त. मुलं रस्त्यावर उतरली. १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांची श्रेणी मान्य केली. देशभराची बेरीज सूत्राने आधीच्या वर्षांशी छान जुळवली होती. माणसं मात्र चुकली होती.

आपल्याकडे २०२१ मध्ये दहावीची परीक्षा झाली नाही. विषयाच्या शंभर गुणांपैकी ५० नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठावरून दिले. निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावीसाठी जाहीर झालेली सीईटी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. "फुकटची बॅच" म्हणून या मुलांना जो तो हिणवत होता. हीच मुलं २०२३ मध्ये पूर्ण अभ्यासक्रमावर बारावीला बसली. निकाल लागला ९१.२५ टक्के. करोनाचा फटका बसण्यापूर्वी परीक्षा झालेल्या २०२० च्या बारावीचा निकाल होता ९०.६६. उत्तीर्णांची टक्केवारी सगळं सांगत नाही, हे मान्य. तरी दहावीची लेखी परीक्षा न दिलेली पिढी बारावीला कोसळली नाही, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं. मी त्या वर्गाला शिकवलं आहे, आणि ती मुलं मेहनती होती.

विद्यापीठात पोचल्यावर

पुढे पदवीपर्यंत काय होतं, याचा अभ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठात मोठ्या प्रमाणावर झाला. सॉल गायझर आणि मारिया वेरोनिका सांतेलिसेस यांनी २००७ मध्ये सुमारे ८० हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासली. शाळेत काही वर्षं सातत्याने मिळालेले गुण हे एकाच दिवशी दिलेल्या सॅट या प्रवेश परीक्षेपेक्षा पदवीच्या चार वर्षांबद्दल जास्त सांगतात, असं त्यांना दिसलं. त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने २०२० मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा पहिल्या वर्षाच्या निकालासाठी सॅट जास्त उपयोगी ठरताना दिसली. माझ्या मते दोन्हींतून घ्यायचा धडा एकच: वर्षानुवर्षांचं काम मोलाचं असतं, पण सगळ्यांचेच गुण वर चढत गेले की त्यांतून माणूस ओळखता येत नाही.

तिसरा अभ्यास मला सर्वांत जवळचा. इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेने २०१४ मध्ये दाखवलं की ए-लेव्हलला सारख्याच श्रेणी मिळवून आलेल्या मुलांमध्ये सरकारी शाळांतली मुलं खासगी शाळांतल्या मुलांपेक्षा पदवीला सरस ठरतात. आकडा सारखा असला तरी तिथवर पोचायला कुणी किती चढ चढलं, हे आकड्यात येत नाही.

माझ्याकडे एक मुलगी जिल्हा परिषद शाळेतून, मग गावच्या हायस्कुलातून आली. मराठी माध्यम, दहावीला गणितात ६१. अकरावी सायन्स इंग्रजीतून. पहिल्या चाचणीत ती नापास झाली, पण तिचा पेपर मी बाजूला काढून ठेवला. जिथे अडली तिथे तिने पायरी सोडून दिली नव्हती, पेन्सिलीने लिहिलं होतं, "इथून पुढे कळत नाही." जिथवर कळलं होतं तिथवर एकही चूक नव्हती. दिवाळीपर्यंत तिला प्रश्नांचं इंग्रजी समजायला लागलं आणि गाडी रुळावर आली. आज ती कोल्हापूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे.

मग गुणांचं करायचं काय?

गुण फेकून द्यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. सातवीत अपूर्णांक कच्चे राहिलेलं मूल आपोआप अकरावीच्या गणितात तरत नाही. मागचा निकाल कुणाला हात द्यायला हवा ते सांगतो, आणि त्यासाठीच तो वापरावा. आठवी, नववी, दहावीच्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून कुठला विषय चढतो आहे, कुठला उतरतो आहे ते बघा. प्रवेशाआधी आठ-दहा साध्या गणितांचा कागद मुलाला सोडवायला द्या: अपूर्णांक, अवयव, साधी समीकरणं, आलेख. कुठे पाय घसरतो ते तासाभरात कळतं.

कॉलेजांनी पहिली चाचणी प्रवेशानंतर महिन्याभरात घ्यावी आणि तिच्यावरून जादा तास लावावेत. तुकड्या पाडू नयेत. "अ" तुकडीत हुशार आणि "ड" तुकडीत बाकीचे, अशी वाटणी केली की चांगले शिक्षक "अ" ला मिळतात आणि वर्षअखेरीला "ड" चे गुण कमी पडतात. मग आम्हीच म्हणतो, बघा, दहावीच्या गुणांवरून आधीच कळलं होतं. तो अंदाज आम्ही स्वतःच खरा करून दाखवलेला असतो.

म्हणून ब्याण्णववाल्या बापाला मी सांगते, मुलाच्या गणिताच्या वह्या तपासा, निवांत राहू नका. आणि अडुसष्टवाल्या आईला सांगते, तिला सायन्सला घाला, पहिल्या दिवसापासून माझ्याकडे पाठवा. पंधराव्या वर्षीचा एक आकडा दाखवून मुलीला दार बंद करण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही, कोणत्याही पालकालाही नाही.