सोडियम बॅटरीचा कणा करवंटीच्या कोळशात

सोडियम बॅटरीची बातमी आली की सगळं कौतुक मिठाच्या वाट्याला जातं. एप्रिल २०२५मध्ये चीनच्या सीएटीएल कंपनीने ‘नॅक्स्ट्रा’ ही सोडियम बॅटरी जाहीर केली, तेव्हाही तेच झालं. सोडियम मुबलक आहे, हे जुनंच. घोडं अडलं होतं ते त्याला सामावून घेणाऱ्या कार्बनपाशी.

लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत सहज शिरतं. सोडियम शिरत नाही. त्याचा आयन मोठा म्हणून, असं सांगितलं जातं. पण त्याहून थोराड पोटॅशियम ग्रॅफाइटमध्ये शिरतंच की! सोडियम आणि ग्रॅफाइटचं संयुगच टिकत नाही.

तोडगा ठरला ‘हार्ड कार्बन’. त्याची ओळख पटवून दिली डीएनएमुळे जगाला ठाऊक असलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी. युद्धकाळात ब्रिटनमध्ये आणि पुढे पॅरिसमध्ये त्या कोळशाचा, कार्बनचा अभ्यास करत होत्या. काही कार्बन तापवले की त्यांचं ग्रॅफाइट होतं. काहींचं ३००० अंशांनाही होत नाही, हे त्यांनी १९५१मध्ये मांडलं. या दुसऱ्या जातीत, म्हणजे हार्ड कार्बनमध्ये, सूक्ष्म थर वेडेवाकडे अडकलेले असतात आणि मधे पोकळ्या राहतात. फ्रँकलिन यांचं हे काम डीएनएच्या कथेत झाकोळून जावं, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

२००० साली कॅनडात स्टीव्हन्स आणि जेफ डान यांनी ग्लुकोजपासून असा कार्बन बनवला. सोडियमसाठी त्याची क्षमता ग्रॅममागे सुमारे ३०० मिलिअँपिअर-तास भरली. लिथियमसाठी ग्रॅफाइटची कमाल मर्यादा ३७२ आहे.

हायड्रोजन साठवण्याच्या बाबतीत मात्र कार्बनचा फार गवगवा झाला. ग्रॅफाइटच्या नॅनोतंतूंत वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक हायड्रोजन मावतो, असा दावा १९९८मध्ये झाला. इतरांच्या प्रयोगांत तो टिकला नाही. सच्छिद्र कार्बन हायड्रोजन बऱ्यापैकी धरतो तो उणे १९६ अंशांना. टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजन मोटारीत कार्बनचं काम वेगळंच आहे: ७०० बार दाबाच्या टाकीला तंतूंचं मजबूत कवच देण्याचं.

म्हणून पैसा आणि माणसं हायड्रोजनसाठ्याच्या आधी हार्ड कार्बनकडे वळायला हवीत. जपानची कुरारे कंपनी तो करवंटीपासून बनवते. करवंट्या कोकणातही आहेत. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर या संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेलं सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३मध्ये जाहीर केलं. त्याच महिन्यापासून चीनने लिथियम बॅटरीत लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. पण निव्वळ करवंटी जाळून भागत नाही. तिच्यातले क्षार धुऊन काढावे लागतात, हवा न लागू देता हजार अंशांच्या वर तापवावं लागतं. शिवाय पहिल्याच चार्जिंगमध्ये थोडं सोडियम कार्बनमध्ये अडकून कायमचं वाया जातं. ही गळती कमी करणं आणि प्रत्येक घाण्याला एकसारखा माल काढणं, हे काम आपल्या प्रयोगशाळांनी आणि भट्टीवाल्यांनी मिळून आत्ताच हाती घ्यायला हवं.