डाग नंतर, आधी धागा!

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचा हा लिखित भाग.

रिहे खोऱ्यात भातलावणी सुरू झाली की चिखल घरात येतोच. वरून चहा सांडतो, पाहुण्यांच्या ताटातला रस्सा सांडतो. मग आपण लगेच मोबाईलवर शोधतो, "हळदीचा डाग कसा काढायचा?" पण प्रश्न अर्धाच झाला ना! डाग कशावर पडलाय? सतरंजी, घोंगडी आणि हॉलमधला मऊ गालिचा, तिघांची औषधं वेगळी. चुकीचं औषध लावलं तर डाग राहतो आणि वस्तू जाते. इथे अनडू बटण नाही.

धागा ओळखायचा कसा?

मागचं लेबल बघा. नसेल तर कडेचा एक धागा तोडून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. जळक्या केसांचा वास आला तर लोकर. जळक्या कागदाचा वास आणि हलकी राख म्हणजे सूत किंवा ज्यूट. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक.

सुती सतरंजी

ही सगळ्यात सोशिक. साबण, कोमट पाणी, सगळं चालतं. पण कच्चा रंग पसरू शकतो, म्हणून आधी एका कोपऱ्यावर ट्राय करा.

घोंगडी आणि लोकरीचा गालिचा

लोकर म्हणजे प्रोटीन, आपल्या केसांसारखीच. क्लोरीनवालं ब्लीच लोकरीला अक्षरशः विरघळवतं. धुण्याचा सोडा तिला कमजोर करतो. 'एन्झाइम' लिहिलेली पावडरही नको, कारण प्रोटीन तोडणारं एन्झाइम डाग आणि लोकर यांच्यात फरक करत नाही. गरम पाणी आणि घासणं टाळा, लोकर आटते आणि गोळा होते. गार पाणी आणि अगदी थोडा सौम्य शाम्पू पुरे. घोंगडीला चिंचोक्याची खळ असेल तर ती भिजत ठेवू नका, खळ निघून जाते. आजोबांची घोंगडी ऑनलाईन परत मागवता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

सिंथेटिक

पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, त्यामुळे चहा सहसा पटकन निघतो. तेल मात्र चिकटून बसतं, त्याला भांडी घासायचं लिक्विड पाण्यात मिसळून लावा. इस्त्री नको, हा धागा साधारण 160 अंशांच्या आसपास वितळतो. नायलॉन मात्र रंग धरून ठेवतो, तिथे उशीर करू नका.

ज्यूट

कमीत कमी पाणी. ओला राहिला तर तपकिरी डाग स्वतःच उमटतात.

आता डागांकडे

चिखल: ओला असताना हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग पाणी.

चहा: लगेच पांढऱ्या सुती कापडाने टिपा. बाहेरून आत या, नाहीतर डाग पसरतो. उरलेल्या डागावर पाण्यात थोडं व्हिनेगर.

हळद: साबण लावला की डाग लाल होतो. घाबरू नका, हळदीचं कुंकू होतं तीच केमिस्ट्री आहे, अल्कलीमुळे रंग बदलतो. आधी लिक्विडने तेल काढा, पाण्याने धुवा, मग ऊन दाखवा. हळदीचा रंग उजेडात फिका होतो. मुळशीच्या पावसात ऊन नसलं तर थांबा, पण ब्लीचकडे वळू नका.

रक्त: फक्त गार पाणी. गरम पाण्याने ते धाग्यात पक्कं बसतं.

आणि एक सिरीयस गोष्ट. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

शेवटी दोन्ही बाजूंनी नीट वाळवा, नाहीतर डाग जाईल आणि कुबट वास राहील.

तुमच्या घरात कुठला हट्टी डाग आहे? कळवा, पण सोबत धागा कुठला तेही सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!