आडवी तार की उभा पाइप?

हॅम रेडिओचं लायसन्स हातात पडलं की माणूस आधी रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, किमती बघत बसतो. पैसे रिगला लागतात हे खरं, पण आवाज कुठवर पोचणार ते अँटेना ठरवते. मग गच्चीवर वाद रंगतो: आडवा डायपोल ताणायचा की व्हर्टिकल उभी करायची? 'चांगली कोणती?' हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. बोलायचंय कोणाशी आणि पायाखालची जमीन कसली, हे आधी सांगावं लागतं.

40 मीटरचा बँड घ्या, म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या आसपास. इथला अर्धतरंगी डायपोल साधारण 20 मीटर लांब असतो: मधोमध कोॲक्स, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार. एकच खांब असेल तर मधला भाग वर बांधून दोन्ही टोकं उतरती सोडायची, ती झाली 'इन्व्हर्टेड व्ही'. तार जमिनीपासून दहा मीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर असेल, तर तिची बरीचशी शक्ती सरळ आकाशाकडे जाते. दूरदेशी बोलू पाहणारे यावर नाकं मुरडतात. पण पुण्याहून सोलापूर गाठायचं असेल तर हवं आहे ते हेच! आयनांबराचा परावर्तक थर 300 किलोमीटर उंचीवर धरला, तर सोलापूरसाठी लहर जवळपास 70 अंशांनी वर फेकावी लागते.

आपल्या भागात हे दिवसा सहसा जमतं. चुंबकीय विषुववृत्त तिरुवनंतपुरमजवळून जातं (थुंबाचा रॉकेटतळ तिथेच का झाला, त्याचं उत्तर यात आहे), आणि त्याच्या उत्तरेला काही अंशांवर आयनांबर विशेष दाट असतं. त्यामुळे डोक्यावर सोडलेली 7 मेगाहर्ट्झची लहरही परत फिरते. रात्री थर विरळ झाला की मात्र ती आरपार निघून जाते आणि सोलापूर गप्प होतं. अँटेना कुठलीही असो.

व्हर्टिकलचं गणित उलटं. दहा मीटरचा उभा पाइप चारी दिशांना सारखाच बोलतो आणि शक्ती क्षितिजाकडे, कमी कोनात सोडतो. डोक्यावर जवळजवळ काहीच नाही, म्हणून सोलापूर क्षीण. पण दोन-तीन उड्यांत युरोप गाठायला पाच-दहा अंशांचाच कोन लागतो. 7 मेगाहर्ट्झवर डायपोलकडून हे काम करून घ्यायचं तर त्याला निदान 20 मीटर वर चढवावं लागेल, आणि तसे मनोरे कितीजणांकडे असतात?

खरी मेख जमिनीत आहे. पावतरंगी व्हर्टिकलचा उत्सर्जन-रोध सुमारे 36 ओहम. जमिनीतला तोटाही तेवढाच असेल, तर 100 वॉटमधले 50 मातीच तापवतात. म्हणून बुडापासून रेडियल तारा पसरतात. 1937 साली आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक तारा पुरून याची मोजमापं प्रसिद्ध केली, आणि पुढे अमेरिकेतल्या प्रसारण केंद्रांत 120 रेडियलचा पायंडा पडला. हौशी माणसाने एवढं धास्तावू नये. शक्ती निम्मी झाली तरी समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावर, फरक अर्ध्या एस-युनिटचा. सोळा-वीस तारांत काम बऱ्यापैकी भागतं.

दूरवरच्या जमिनीला मात्र रेडियल पुरत नाहीत. कमी कोनाची लहर बऱ्याच अंतरावरच्या भूपृष्ठावरून परावर्तित होते, आणि कोरड्या, खडकाळ जमिनीवर ती तिथेच दुबळी होते. समुद्राच्या पाण्याची वाहकता साधारण 5 सीमेन्स प्रतिमीटर, सामान्य मातीच्या हजारपट. म्हणून कोकणात किंवा गोव्यात अगदी पाण्यालगत उभारलेली साधी व्हर्टिकल देशावरच्या महागड्या व्हर्टिकललाही मागे टाकते. किनाऱ्यापासून दूर, जांभ्याच्या सड्यावर नेलीत की हा लाभ गेला.

बँड जितका वरचा, तितकी आडवी तार सरस ठरते. तोच दहा मीटरवरचा डायपोल 14 मेगाहर्ट्झचा केला, तर अर्धी तरंगलांबी उंच होतो आणि जोर 30 अंशांवर देतो. 28 मेगाहर्ट्झवर हा कोन 14 अंशांपर्यंत उतरतो. शिवाय व्हर्टिकलला घरगुती गोंगाट जास्त ऐकू येतो. दिवाळीत स्वस्त एलईडी माळा लागल्या की त्याचा प्रत्यय येतो.

145 मेगाहर्ट्झच्या रिपीटरवर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर, निवडच नाही. गाडीवरची अँटेना उभी, म्हणून रिपीटरचीही उभी. तिथे सरळ रेषेत बोलताना आडवा-उभा मेळ बसला नाही, तर सिग्नल 20 डेसिबल किंवा त्याहूनही पडू शकतो. लघुलहरींवर ही चिंता नाही, कारण आयनांबर लहरीचं ध्रुवीकरण फिरवूनच परत पाठवतं.

जागा असेल तर दोन्ही उभारा आणि मध्ये साधा कोॲक्स स्विच लावा. संध्याकाळी 7 मेगाहर्ट्झवर युरोप येऊ लागला की स्विच इकडून तिकडे फिरवून पाहा. जवळचं स्टेशन डायपोलवर वर चढतं, लांबचं बहुधा व्हर्टिकलवर. आणि पावसाळ्यात ढग गडगडू लागले की दोन्ही केबल रिगपासून काढून ठेवा.