हवाईच्या गुहेतील आंधळा तुडतुडा

भाताची खाचरे करपवून टाकणारे तपकिरी तुडतुडे आणि उसाच्या पानांतील रस शोषणारी पाकोळी यांच्याशी आपल्या शेतकऱ्याचे हाडवैर असले, तरी याच विस्तीर्ण गोतावळ्यातील बहुसंख्य कीटक मनुष्याच्या वाटेला कधी जात नाहीत. आणि त्यांतला एक तर प्रशांत महासागरातील हवाई बेटावर, लाव्हारसाने मागे ठेवलेल्या भूगर्भातील नळ्यांमध्ये, सूर्याचे दर्शनही न घेता आयुष्य कंठीत असतो.

लाव्हाचा प्रवाह वाहत असता त्याची वरची साय निवून घट्ट होते, आतील तप्त रस पुढे निघून जातो आणि मागे लांबच लांब पोकळी उरते. पुढे माथ्यावर ओहिआ लेहुआचे वृक्ष रुजतात, त्यांची मुळे छताच्या भेगांतून झुबक्याझुबक्यांनी खाली लोंबतात आणि त्यांच्या रसावर हा फिकट, नेत्रहीन, खुरट्या पंखांचा जीव पोसला जातो. १९७१ साली फ्रँक हॉवर्थ यांनी ही सृष्टी उजेडात आणीपर्यंत, इतक्या तरुण बेटांवर गुहेला सरावलेले प्राणी असतील अशी विद्वानांची अपेक्षाच नव्हती. वस्तुतः याच्या भूपृष्ठावरील आप्तांची पिल्लेही जमिनीखाली मुळांवरच वाढतात. तेव्हा अंधारवासाची अर्धी तयारी घरातच झालेली होती.

१९७३ साली फेना या वर्गीकरणशास्त्रज्ञाने त्याचे विधिवत् वर्णन करून त्यास ‘ओलियारस पॉलिफेमस’ हे नाव दिले. पॉलिफेमस हा होमरच्या काव्यातील गुहावासी एकाक्ष राक्षस, ज्याचा तो एकुलता डोळाही ओडिसियसने फोडला. नाव समर्पक आहे, हे मान्य करावयास हवे. नामकरणाचा कायदा मात्र समर्पकतेची चौकशी करीत नाही. हवाईतील तुडतुड्यांच्या कित्येक जातींना नावे देणाऱ्या कर्काल्डी महाशयांनी तर १९०४ मध्ये एका ढेकूणवर्गीय प्रजातीचे नाव असे योजले की ते मोठ्याने उच्चारल्यास इंग्रजी कानांना चुंबनाची याचना ऐकू यावी, आणि तेही दफ्तरी दाखल झाले!

खरा पेच पुढेच निर्माण झाला. हे कीटक उदर थरथरवून मुळांतून कंपने धाडतात आणि काळोखात नर-मादी त्यावरूनच एकमेकांस ओळखतात. हॅनेलोरे होख आणि हॉवर्थ यांनी निरनिराळ्या गुहांतील ही कंपने ध्वनिमुद्रित केली, तेव्हा रूपाने जवळजवळ एकसारख्या दिसणाऱ्या समूहांची गाणी भिन्न निघाली. १९९३ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांना परस्परांची साद ओळखता येत नाही त्यांच्यात संकर होण्याचा संभव उरत नाही, आणि मग त्यांना एक जात म्हणणे कठीण. म्हणजे सातबारावर नाव एकाचे आणि जमीन कसणारे वारस अनेक, अशातली ही गत झाली.

ही खातेफोड करावी कशी? नियमाप्रमाणे जुने नाव रद्द होत नाही. वर्णनासाठी निवडलेला मूळ नमुना ज्या समूहातला, त्या समूहाकडेच ते राहते आणि इतरांना नवी नावे व नवे नमुने द्यावे लागतात. पण संग्रहालयातील मृत नमुना काही थरथरत नाही, आणि त्याच्या अंगावर गाण्याची नोंदही नसते. म्हणून आधी तो ज्या गुहेतून उचलला तिथे उतरून, तिथल्या मुळांवर आज कोणते कंपन चालते हे ऐकावे लागते.